धाकटीच्या घरचं पाणी

“माझं पोर्तुगाल कोणी उपटलं?”

मुलुंडच्या आमच्या फॅक्टरीच्या कँटीनमध्ये सकाळच्या चहाला दोन-तीनशे माणसं बसली होती, आणि एकानंही कप खाली ठेवला नाही, इतका तो ओरडा सवयीचा होता. मी नोकरीला लागून तिसराच दिवस. माझा निम्मा चहा शर्टावर आला. बाकावर एक बुटका, टकला, पन्नाशी उलटलेला गृहस्थ चढून उभा होता. अंगात टाइम ऑफिसचा खाकी कोट आणि एक बोट भिंतीवरच्या जगाच्या नकाशात खुपसलेलं. आवाज म्हणाल तर असा, की पलीकडच्या खात्यात ट्रेमध्ये लावलेली जेली त्या दिवशी घट्टच झाली नाही, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. पण जेली झाली नव्हती, हे रजिस्टरमध्ये आहे.

“काल इथं टाचणी होती. आज नुसतं भोक आहे. कोण तो?”

युनियनचा सेक्रेटरी कोपऱ्यात बशीतनं चहा ओढत होता. परभणीकडचा, विक्रोळीला राहणारा, दाराएवढा माणूस. “मी घेतली, मामा,” तो म्हणाला. “गेट मीटिंगची नोटीस लावायची होती. तसं बी त्या पोर्तुगालात बसलंय कोण?”

“तिथं आपली बहीण आहे.”

“सख्खी?”

“सख्खी. मासे डब्यात भरते.”

सेक्रेटरी उठला, फळ्यापर्यंत गेला, टाचणी उपटली, शर्टाला पुसली आणि आणून दिली. मागं नोटीस तरंगत खाली आली. “घ्या. तुमच्या बहिणीपायी कामगारांची एकजूट जमिनीवर आली बघा.”

मामांनी टाचणी दोन्ही हातांनी घेतली, फुंकर मारली आणि पोर्तुगालात परत लावली. मग बाकावरून उतरले आणि माझ्या शर्टाकडे बघून म्हणाले, “नवा काय तू? संध्याकाळी थांब. घराणं समजावून देतो.”

या माणसाचं नाव मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, कारण फॅक्टरीत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हजेरीच्या यादीतसुद्धा, देवाशपथ सांगतो, कुणीतरी ‘मामा’ असंच टाइप करून ठेवलेलं होतं.

आमची कंपनी विलायती. कस्टर्डची पूड, जेलीचे खडे, सुपाची पाकिटं, बेकिंग पावडर, असलं काय काय पाकिटात आणि डब्यात भरून अर्ध्या जगाला खाऊ घालणारी. पाण्यात घाला, ढवळा, झालं. त्यातली आमची फॅक्टरी आग्रा रोडवर. वारा फिरला की व्हॅनिलाचा वास भांडुपपर्यंत जायचा, आणि भांडुपची कुत्री साधं ग्लुकोजचं बिस्कीट हुंगून सोडून द्यायची. मी स्वतः पाहिलंय. बरं, एक कुत्रा पाहिलाय.

नव्या कामगारांना कंपनीची ओळख व्हावी म्हणून मुख्य कचेरीतून एक गुळगुळीत इंग्रजी पुस्तिका आली होती. कंपनी कुणी काढली, कुठं कुठं पसरली, कुठं काय बनवते, सगळं त्यात होतं. आमचे पर्सोनेल मॅनेजर म्हणजे एक पारशी बावाजी. त्यांनी ती पुस्तिका टाइम ऑफिसमध्ये आणून टाकली आणि म्हणाले, “मामा, इसका मराठी कर डालो ने.” मामा मूळचे मालवणकडचे. त्यांच्याकडं घराण्याचा कुळवृत्तांत होता, पिढ्यान् पिढ्या लिहीत आणलेला, आणि माणसांची माहिती मांडायची दुसरी रीत त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी त्या विलायती कंपनीचा कुळवृत्तांत करून टाकला.

“मूळ पुरुष हा मुरांबेवाला,” मामा सुरुवात करायचे. “दुकान लहान, बायको तापट. मुरांबा जाळला म्हणून तिनं एकदा पातेलं फेकलं. ते चुकवताना त्याला सुचलं की आपण डब्यात भरून लांबच्या गावाला विकू.” पातेल्याची गोष्ट पुस्तिकेत कुठंही नव्हती; मी नंतर शोधली. पण पुस्तिका एका बाजूला आणि ते पातेलं एका बाजूला, असं असेल तर माझा विश्वास अजून पातेल्यावर आहे.

पुढं कंपनीनं दुसरी कंपनी विकत घेतली की मामांच्या भाषेत ‘सून आली’. एखादा कारखाना विकला की ‘मुलगी दिली’. बंद केला की ‘गेली’. नकाशावर लाल डोक्याची टाचणी म्हणजे माहेरी असलेली, हिरवी म्हणजे दिलेली, आणि नुसतं भोक म्हणजे गेलेली. सगळ्यांत शेवटी मामा हिंदुस्थानच्या डाव्या कडेला, लाल टाचणीच्या डोक्यावर अलगद बोट ठेवायचे. “आणि ही आपली. धाकटी.”

नव्या माणसाला सगळं पाठ होईपर्यंत सोडत नसत. पॅकिंगच्या बायका मशीनपुढं बसून, कस्टर्डच्या पिशव्या चिकटवता चिकटवता, मोहरीवाली सून कुठल्या गावची आणि तिचं धाकट्या जावेशी का पटलं नाही, हे एकमेकींना सांगायच्या.

आणि सुतक. नोकरीला वर्ष झालं असेल. एक दिवस मामा दाढी वाढवून आले.

“कोण गेलं, मामा?” मी हळूच विचारलं.

“कॅनडा.”

“कॅनडात कोण होतं तुमचं?”

“बटाट्याची पूड,” मामा म्हणाले आणि तोंड फिरवलं.

मुख्य कचेरीचं एक इंग्रजी मासिक यायचं, बोटीनं. ते आलं की मामा जेवणाच्या सुट्टीत चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, आणि मग कळायचं, जगात आपलं कोण राहिलं आणि कोण गेलं. सुतक किती पाळायचं, याबद्दल त्यांनी खास घाटकोपरला जाऊन एका भटजींना गाठलं होतं. भटजी म्हणाले, दहा दिवसांच्या आत कळलं तर पूर्ण, उशिरा कळलं तर तीन दिवस. गेलेलं माणूस कोण, हे मामांनी त्यांना सांगितलं नसावं. मासिक दोन-दोन महिने उशिरा येई, म्हणून मामांच्या वाट्याला नेहमी तीन दिवस. “आपली बोट सावकाश येते म्हणून निभावतं रे,” ते म्हणायचे. “नाहीतर मी कायमचा साधू दिसलो असतो.”

सुतकासारखी बारशीही व्हायची. लिंबाची हिरवी जेली पहिल्यांदा निघाली, तेव्हा मामांनी घरून पाळणा आणला. सावंतवाडीचा, लाकडी, रंगवलेला, एक ओरखडा नाही. पहिलं खोकं त्यात घातलं, पॅकिंगच्या बायकांनी पाळणा म्हटला, सगळ्यांत वडील बाईनं खोक्याला कान कुठं असावा याचा अंदाज घेऊन ‘कुर्र’ केलं. बावाजींनी तीन वाट्या घुगऱ्या खाल्ल्या आणि मुख्य कचेरीला कळवलं की नव्या मालाबद्दल कामगारांत उत्साह आहे. मी मामांना विचारलं, “पाळणा कुणाचा?” ते म्हणाले, “घरचा.”

तो पाळणा परत पोचवायला मीच गेलो होतो. मामा भांडुपला टेकडीवरच्या चाळीत राहायचे. मामी सुती लुगड्याला खळ करत होत्या, आणि मी सांगतोय त्यात तिळमात्र वाढवलेलं नाही, ती खळ कस्टर्डची होती. फुटक्या पाकिटातली पूड मामा घरी आणायचे आणि मामी ती कधी ताटात येऊ द्यायच्या नाहीत. “ही खातंत?” त्या मला म्हणाल्या. “माका खळ म्हणानच बरी.” त्या शेजारून गेल्या की पुडिंग चालत गेल्यासारखं वाटायचं. मी पाळणा टेकवला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “नवा कोरा ठेवलाय हो, मामी.”

“माळ्यार होतो,” मामी लुगडं पिळत म्हणाल्या. “वापराक नाय लागलो कधी.”

मामा मोरीत पाय धूत होते. ते फार वेळ पाय धूत राहिले.

दर दिवाळीला मामा नकाशावरच्या झाडून सगळ्या टाचण्यांना पत्रं पाठवायचे. आतल्या मजकुराशेजारी चिमूटभर कुंकू कागदात बांधून. उत्तर कुणाचं यायचं नाही. मी लागायच्या आधी एका वर्षी मात्र पोर्तुगालहून आलं होतं. मासे भरणाऱ्या कुणा बाईनं तिच्या भाषेत लिहिलेलं. मामा ते घेऊन मुलुंडच्या एका म्हाताऱ्या गोवेकर फादरकडं गेले. फादरनी वाचून दाखवलं: ‘तुमचं पत्र पोचलं. ती लाल पूड कशाची ते कळलं नाही. आम्ही सुपात घालून पाहिली. इथं वारा फार सुटलाय. तुमच्याकडे?’

“एवढं मोठं खटलं,” मामा मला ते पत्र दाखवून म्हणाले, “पण एकीनं विचारलं बघ, तुमच्याकडे वारा आहे का म्हणून.” तेव्हापासून पोर्तुगालच्या टाचणीला कुणी हात लावला की काय व्हायचं, ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

मग एका वर्षी कुजबुज सुरू झाली. कंपनीला मुलुंड जड झालंय. कुणी म्हणे विकणार, कुणी म्हणे टाळं लावणार. विकली तर नवा मालक माणसं ठेवील; टाळं लागलं तर आग्रा रोडवर उभं राहायला कुणाची मनाई नव्हती. गिरण्या थंड होऊन फार दिवस झालेले नव्हते. पॅकिंगच्या निम्म्या बायकांच्या घरी नवरा नाहीतर दीर बसून होता आणि चूल त्यांच्या एकटीच्या हजेरीवर पेटत होती. सगळ्या मामांना विचारायच्या, मासिकात काही आलंय का? मासिकात स्वित्झर्लंडच्या कुणा संचालकाचा घोड्यावर बसलेला फोटो आला होता.

“हिचं काही झालं तर बोटीनं नाही कळायचं रे,” मामा एकदा मला म्हणाले. बोलताना हात गालावरून फिरत होता. “ही डोळ्यांदेखत जाईल. हिचं पूर्ण पाळावं लागेल.”

आणि विलायतेहून साहेब आला. उंच, लालबुंद, रुमालानं सारखी मान पुसणारा. कामगारांना कंपनीची ओळख कशी करून देता, ते मला बघायचंय, असं त्यानं बावाजींना सांगितलं. बावाजींचा चेहरा कस्टर्डच्या रंगाचा झाला. पण इलाज नव्हता. कँटीन भरलं, मामा नकाशापुढं उभे राहिले आणि इंग्रजी करून सांगायला मला उभं केलं, कारण माझं इंग्रजी फार उत्तम आहे, असं मी नोकरीच्या अर्जात लिहिलं होतं.

मी मामांना म्हटलं, “थोडक्यात आटपा.” मामा म्हणाले, “मुलीकडचे आपण. आपल्या भाषेत बोलायचं आणि सावकाश बोलायचं.”

तासभर बोलले. साहेबाला स्वतःच्या कंपनीत मोहरीवाली सून कधी आली, हे माहीत नव्हतं. पातेल्याच्या गोष्टीला तो हसला आणि मग, मी शपथेवर सांगतो, त्यानं ती वहीत लिहून घेतली. आज विलायतेत ती छापील पुस्तकात असेल तर मला नवल वाटणार नाही. शेवटी मामा मुलुंडच्या टाचणीशी आले आणि तिच्यावर बोट ठेवून थांबले.

“आता विचार त्यांना,” ते मला म्हणाले. “धाकटीचं काय ठरवलंय? देणार, की जाऊ देणार?”

पंखेसुद्धा हळू फिरायला लागले. मी इंग्रजीत विचारलं की, मंडळींना कंपनीच्या पुढच्या बेतांबद्दल उत्सुकता आहे. साहेबानं घड्याळ पाहिलं. म्हणाला, अजून काही ठरलेलं नाही. सगळ्या पर्यायांचा विचार चालू आहे, अर्थात कारखाना बंद करण्याचासुद्धा.

माझ्यासमोर तीनशे चेहरे होते. पुढच्या बाकावर ती ‘कुर्र’ करणारी बाई पदराचं टोक दातात धरून माझ्या तोंडाकडं बघत होती.

“साहेब म्हणतात,” मी म्हणालो, “पत्रिका बघतायत.”

एवढ्या माणसांनी एकदम श्वास सोडला, की नकाशा भिंतीवरून हलला. मामा चष्म्याच्या वरून माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग बाकांकडं वळले. “ऐकलंत? पत्रिका बघतायत. म्हणजे द्यायचं मनात आहे. मुलगी दाखवायची आहे, तेव्हा जरा नीट राहा. चला, कामाला लागा.”

पुढचे चार महिने फॅक्टरी आरशासारखी लख्ख आणि घड्याळासारखी बिनबोभाट चालली. सेक्रेटरीनं ठरलेला मोर्चा पुढं ढकलला. बायका मला डब्यातले लाडू द्यायच्या आणि मी ते न खाता तसेच घरी न्यायचो. आणि मग घाटकोपरचे एक मसालेवाले शेठ बघायला आले, फिरून गेले, परत आले, आणि झालं. फॅक्टरी माणसांसकट त्यांनी घेतली. बावाजी नंतर मला म्हणाले, कारखाना एवढा शांत चाललेला बघूनच गिऱ्हाईक पुढं आलं. ते खरं असेल तर तीनशे संसार माझ्या एका थापेवर उभे आहेत. पण असं मी कुठं बोलत नाही.

ताबा द्यायच्या दिवशी पॅकिंगच्या बायकांनी कस्टर्डच्या मोठ्या मिक्सरची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मिक्सरच्या मागं, लग्नात मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो तसे, मामा उभे होते. इस्त्रीचा सदरा, गुळगुळीत दाढी. शेठ गोंधळून नमस्कार करत होते, कुणाला ते त्यांनाही कळत नव्हतं. मग मामा कँटीनमध्ये गेले, मुलुंडची लाल टाचणी काढली आणि त्याच भोकात हिरवी लावली.

मला वाटलं, गोष्ट संपली. पण दुसऱ्या दिवशी मामा फिरकीचा तांब्या घेऊन कामावर आले. कँटीनचा चहा घेतला नाही. नळाचं पाणी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. महिना झाला तरी नाही. मुलगी दिली, तिला पोर होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. आणि मामांना दिवाळीला निवृत्त व्हायचं होतं. तीस वर्षं जिथं घाम गाळला, तिथून घोटभर पाणी न पिता जायचं, असा त्यांचा बेत दिसत होता.

हे आधी कुणाला नीट कळलंच नाही. सेक्रेटरीनं एकदा स्वतः ग्लास भरून त्यांच्यापुढं धरला. मामांनी मान हलवली. सेक्रेटरीनं ग्लास खाली ठेवला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

“पाणी नको म्हणणारी माणसं आमच्या आज्यानं लई बघितली, मामा. तुमच्याकडून बघायचं राहिलं होतं.”

मामांचा चेहरा मी तसा त्याआधी पाहिला नव्हता, कॅनडा गेलं तेव्हाही नाही. “अरे, तुझ्या हातचं नको म्हणतोय का मी?” ते म्हणाले. “हिच्या घरचं नको म्हणतोय.”

“ते तुमचं तुम्हाला ठाऊक,” सेक्रेटरी म्हणाला आणि निघून गेला.

त्या संध्याकाळी मामा पत्ता विचारत विचारत विक्रोळीला त्याच्या घरी जाऊन उभे राहिले. दारातूनच म्हणाले, “पाणी दे.” दोन तांबे प्याले. मग चहा. मग भाकरी आणि सुकटीची चटणी, आणि वर त्याच्या आईला कंपनीचं घराणं मोहरीवाल्या सुनेपर्यंत सांगून आले. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी माझ्या टेबलाशी आला. “माठ मोकळा केला म्हाताऱ्यानं,” तो म्हणाला. “खुळं आहे रे. पण खोट नाही त्यात.” आणि जाता जाता म्हणाला, “पण मशीनला पोर कुठनं व्हायचं?”

मे महिना आला. तांब्या दुपारी बारालाच संपायचा, आणि मामांना दिवसातून चारदा सुपाच्या खात्यात, वाळवणाच्या भट्टीशेजारी, हजेरी घ्यायला जावं लागायचं. एका दुपारी तिथंच त्यांना घेरी आली. बायका धावल्या. मामा डोळे मिटूनच म्हणाले, “शिंपडा. पाजू नका.”

मला राहवलं नाही. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, “मामा, ऐका. साहेब पत्रिका म्हणालाच नव्हता. बंद करू असंसुद्धा म्हणाला होता. मी आपलं मनानं सांगितलं. लग्नबिग्न काही झालेलं नाही. प्या पाणी.”

मामांनी एक डोळा उघडला. “ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“सगळ्या पर्यायांचा विचार चालू आहे म्हणाला. वीस वर्षं ते मासिक मी काय घोडे बघायला घेतो?”

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“पोरी ऐकत होत्या,” मामा म्हणाले. “आणि तू बोललास ते त्यानं बोलायला हवं होतं. म्हणून मी तेच धरून चाललो. आता एवढं सगळं धरल्यावर पाण्यापुरतं सोडायचं होय रे?”

मी आणि सेक्रेटरी, दोघं शेठच्या केबिनमध्ये गेलो. युनियनचा माणूस आला म्हणून शेठनी आधी वकिलाला फोन लावायची तयारी केली. मग आम्ही सगळं सांगितलं. कुळवृत्तांत, टाचण्या, हिरवा रंग, पाणी. शेठ टेबलावरची वेलची सोलायला लागले.

“म्हणजे हे म्हातारा मला जावाय समजते?”

“हो, शेठ.”

“आणि मी समजत होता, माझा पाणी गंदा आहे म्हणून नाय पीत.” आणखी एक वेलची सोलली. “आमच्यात पण असाच आहे. माझा सासरा अकरा वरस माझ्या घरी पाणी नाय प्याला. बेबी झाली, मग प्याला. तेव्हा माझी बायको रडली.” त्यांनी आमच्याकडं बघितलं. “काय काढू या? नवीन काय पाहिजे ना तुमाला?”

त्यांच्या बायकोच्या हातचा ढोकळा, त्याचं झटपट पीठ. पाण्यात कालवा, वाफवा, झालं. आमच्या लॅबनं तिच्या वाट्या-चमच्यांवरून प्रमाण बसवायला घेतलं. पहिला ढोकळा असा निघाला की तो कँटीनच्या पायरीला लावला, अजून असेल तिथं. दुसरा फुगून भांड्याबाहेर आला. गणपती गेले, नवरात्र गेलं. शेठची बायको रोज दुपारी लॅबमध्ये येऊन बसू लागली. पॅकिंगच्या बायका येताजाता काचेतून आत डोकावायच्या, आणि सेक्रेटरी, ज्यानं आयुष्यात ढोकळ्याला हात लावला नव्हता, रोज एक तुकडा खाऊन मान हलवायचा. मामांना यातलं काही सांगायचं नाही, असं ठरलं होतं. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते रोज तांब्या घेऊन येत होते आणि विचारत काहीच नव्हते.

मामांच्या निवृत्तीला आठ दिवस राहिले, तेव्हा ढोकळा जमला.

बारशाला मामी आल्या. त्या फॅक्टरीत पहिल्यांदाच येत होत्या. कडक खळीचं लुगडं, आणि आत पाऊल टाकताच फॅक्टरीचा वास कोणता आणि मामींचा कोणता, हे सांगता येईना. पाळणा मिक्सरच्या शेजारी टांगला. पहिलं पाकीट शेठच्या बायकोनं मामींच्या हातात दिलं. मामींनी ते उलटं-सुलटं करून बघितलं, आणि आम्हाला वाटलं, आता खळीबद्दल काहीतरी बोलणार. त्यांनी ते पाळण्यात ठेवलं, पदरानं एकदा पुसलं आणि दोरी हातात घेतली. बायकांनी पाळणा म्हटला, संपवला, तरी मामी दोरी सोडेनात. मग पुन्हा पहिल्यापासून म्हटला.

“ढोकळा तर ढोकळा,” मामा माझ्या कानाशी म्हणाले. “जावई गुजराती, नातू दुसरं काय होणार.”

सेक्रेटरी कँटीनच्या नळावरून ग्लास भरून घेऊन आला. काठोकाठ. त्यानं तो मामांपुढं धरला. शेठ हात जोडून उभे होते. मामांनी ग्लास दोन्ही हातांनी घेतला, पोर्तुगालची टाचणी घेतली होती तसा, आणि डोळे मिटून शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. गळ्याची घाटी वरखाली होताना सगळ्यांना दिसत होती. ती ‘कुर्र’वाली बाई पदर तोंडाशी धरून रडत होती. ग्लास रिकामा झाला तरी मामा तो तसाच धरून उभे.

मला राहवेना. मी विचारलं, “कसं काय, मामा?”

मामांनी कोटाच्या बाहीनं मिशी पुसली.

“टाकी धुवायला झालीय,” ते म्हणाले.